डिस्क ‘फॉरमॅट’ मागते तेव्हा

ताई, नमस्कार. मी नारायण पेठेत घरीच डीटीपीचं काम करते, एकवीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, कुलवृत्तांत, सगळंच. ही सगळी कामं एका १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहेत. ती घेऊन नऊ वर्षं झाली. परवा प्रेसचा मुलगा दारात उभा होता. त्याला पेन ड्राइव्ह द्यायच्या घाईत मी हार्ड डिस्कचीच केबल ओढली. तिच्यावर कॉपी चालू होती. परत लावली तर कॉम्प्युटर म्हणतो, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?’ दिवा लागतो, वेगळा आवाज काही नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, यस म्हण, नंतर सॉफ्टवेअर टाकून सगळं परत काढू.’ एका घराण्याच्या कुलवृत्तांताची ३४० पानं त्यात आहेत, दसऱ्यानंतर छपाईला जायची आहेत. भाच्याचं ऐकू का? ‘सेफली रिमूव्ह’ केलं नाही म्हणून खरंच एवढं होतं का? मी तर वर्षानुवर्षं तशीच काढत आले. आणि आता नवीन काय घेऊ, एसएसडी की मोठा पेन ड्राइव्ह?
– नारायण पेठेतील एक वाचक

ताई,

भाच्याला थांबवा. अजून कुणी ‘यस’ दाबलं नसेल, तर तुमचं काम बहुतेक सगळं त्या डिस्कवर जसंच्या तसं आहे. ती चौकट पुन्हा आली तर ‘कॅन्सल’ म्हणा, डिस्क एजेक्ट (म्हणजेच ‘सेफली रिमूव्ह’) करा आणि बाजूला ठेवून द्या. हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत ती लावू नका. कुतूहल म्हणूनही नको.

काय झालं ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते. डिस्कवर फाईल एका जागी सलग असतेच असं नाही. जिथे जागा मिळेल तिथे तिचे तुकडे पडतात, आणि कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद वेगळी ठेवलेली असते. समजा, तुमच्या ३४० पानांचे सोळा-सोळा पानी फॉर्म छापून बाइंडरकडे गठ्ठ्यांत रचलेत, पण पानांवर आकडे नाहीत. कुठला गठ्ठा कुठे, हे लिहिलेली एकच चिठ्ठी बाइंडरच्या खिशात आहे. तुम्ही केबल ओढलीत तेव्हा कॉम्प्युटर त्या चिठ्ठीवर काहीतरी लिहीत होता. चिठ्ठी फाटली, गठ्ठे जागच्या जागी राहिले. विंडोजला फाटक्या चिठ्ठीचा अर्थ लागत नाही, म्हणून ते नवी कोरी चिठ्ठी करू का असं विचारतं. ‘फॉरमॅट’ म्हणजे ती कोरी चिठ्ठी.

भाचा सांगतो ते अगदीच खोटं नाही. क्विक फॉरमॅटनंतरही पुष्कळदा फाईली निघतात. पण नवी चिठ्ठी लिहिली जाते ती जुन्या चिठ्ठीच्याच जागेवर, आणि तिचा जो भाग अजून वाचता आला असता तोही जातो. मग फाईली मिळतात त्या ‘एफ’ अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे अशा नावांनी. फोल्डर नाहीत, तारखा नाहीत. एकवीस वर्षांच्या हजारो फाईली अशा एका ढिगात आल्या तर त्यातला कुलवृत्तांताचा शेवटचा, दुरुस्त केलेला मजकूर कुठला हे ओळखायला तुम्हाला कित्येक आठवडे बसावं लागेल. त्याहून मोठा धोका एका छोट्या चौकोनात आहे. ‘क्विक’ समोरची खूण चुकून निघाली, तर पूर्ण फॉरमॅट होतं, आणि विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणं. त्यानंतर कुठल्याही लॅबला तिथे काही सापडत नाही.

‘चेक डिस्क’ चालवून बघा असंही कुणी सांगेल. तेही आत्ता नको. त्या प्रोग्रॅमचं काम चिठ्ठी सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाईली वाचवणं नव्हे. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही ती तो खोडून टाकू शकतो. डेटा बाहेर काढून झाला की मग खुशाल चालवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सुरुवात केबलपासून करा. मी हे मुद्दाम आधी सांगते, कारण ‘डिस्क गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक डिस्कांमध्ये फक्त केबल गेलेली होती. छोट्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो, तिला लागणारी सगळी वीज त्या केबलमधूनच येते. जुन्या यूएसबी २ पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, यूएसबी ३ ने ९०० द्यायचे, असं ठरलेलं आहे. आतली तबकडी फिरायला सुरुवात करते त्या क्षणी डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. केबल लांब, पातळ किंवा सैल असेल तर तेवढी पोचत नाही. तबकडी फिरू लागते, अडखळते, पुन्हा सुरू होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, डिस्कच मेली.

मागच्या पावसाळ्यात एका शिक्षकांनी अशीच डिस्क आणली होती. तिच्या कडेला ती रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली पिन बसते ना, तशी. केबल लावून डिस्क टेबलावर ठेवली की दिवा लागायचा आणि चार सेकंदांत विझायचा. मी नखाने ती पिन केसभर वर उचलून धरली आणि दिवा स्थिर राहिला. तळहात डिस्कवर ठेवला तर आतली थरथर एकसारखी लागत होती. नवीन केबल आणली आणि त्यांच्या प्रश्नपत्रिका, मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं उघडलं. त्यांना आधीच कुणीतरी डिस्क फेकून द्यायला सांगितलं होतं.

तर तुम्हीही दुसरी, आखूड, चांगली केबल घ्या. कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. मध्ये हब नको. जमलं तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लावून बघा. तरीही तीच चौकट आली तर ‘कॅन्सल’ करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीत ते दिसतं. तिथे तुमची डिस्क सुमारे ९३१ जीबीची दिसत असेल आणि पुढे ‘रॉ’ असं लिहिलेलं असेल, तर यंत्र बहुधा ठीक आहे, चिठ्ठीच फाटली आहे. (१ टीबीची डिस्क ९३१ दिसते म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.) डिस्क तिथे दिसतच नसेल किंवा आकार भलताच दाखवत असेल, तर बिघाड यंत्रात आहे. मग घरी काही करू नका.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता दिसते. त्यासाठी एक नवीन २ टीबीची हार्ड डिस्क घ्या. ती तुम्हाला पुढेही लागणारच आहे. जुन्या डिस्कवर काहीही करण्याआधी तिची अख्खी प्रतिमा, म्हणजे पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जशीच्या तशी नक्कल, नव्या डिस्कवर उतरवायची. लिनक्समधलं ‘डीडीरेस्क्यू’ हे फुकट साधन याच कामाचं आहे. वाचता न येणारी जागा आली तर ते तिथेच डोकं आपटत बसत नाही. पुढे जातं, चांगला भाग आधी काढून घेतं आणि मग मागे येतं. यूएसबी ३ वर तीन-चार तास लागतील, जुन्या पोर्टवर आठ-नऊ. त्या वेळात डिस्कला हात लावायचा नाही.

मग त्या नकलेवर ‘टेस्टडिस्क’ चालवायचं. हेही फुकट आहे. काळ्या पडद्यावर अक्षरं असतात, दिसायला रुक्ष आहे, पण पैसे घेणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते. विंडोजच्या फाईली मांडायच्या एनटीएफएस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या पानाची एक प्रत अगदी शेवटी ठेवलेली असते. फाटलेला भाग तेवढाच असेल, तर टेस्टडिस्क ती शेवटची प्रत वापरून सगळे फोल्डर मूळ नावांसकट दाखवतं. तिथून फाईली निवडून दुसरीकडे कॉपी करा. ‘राइट’ असा पर्याय मूळ डिस्कवर दाबू नका, आणि निघालेल्या फाईली त्याच डिस्कवर कधीच उतरवू नका. टेस्टडिस्कला जमलं नाही तर त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’ आहे. तो चिठ्ठीकडे बघतच नाही, फाईलच्या सुरुवातीच्या खुणांवरून तुकडे ओळखतो. म्हणून नावं जातात, पण मजकूर हाती लागतो. तो शेवटचा उपाय.

हे सगळं भाच्याला जमेल. मुलगा हुशार दिसतो, फक्त घाईत आहे. त्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक ‘यस’च्या आधी चौकटीतलं वाक्य मोठ्याने वाचायला सांगा.

एक गोष्ट मात्र जिवाला लावून घ्या. मध्येच कधी ‘टक्… टक्… टक्…’ असा ठरावीक आवाज आला, किंवा खरवडल्यासारखं ऐकू आलं, तर त्याच क्षणी डिस्क बंद. आत एक छोटा काटा, ज्याला हेड म्हणतात, तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. माणसाचा केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. खाली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या घेत असते. काटा बिघडून तबकडीला टेकला तर प्रत्येक फेरीबरोबर पृष्ठभाग खरवडला जातो, आणि जो खरवडला तो कायमचा गेला. ‘पुन्हा एकदा लावून बघू’ यात जेवढं नुकसान होतं तेवढं मूळ बिघाडात होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २०१२ साली मी एका शाळेच्या शताब्दी स्मरणिकेचं काम करत होते. डिस्क कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलेली, तिची केबल लोंबकळती. चहा घेऊन येणाऱ्या कुणाच्या तरी पायात ती अडकली आणि चालू डिस्क फरशीवर पडली. दोन-अडीच फुटांवरून, जास्त नाही. टकटक ऐकू येत होती तरी मी रात्रभर ती लावत राहिले, कारण दोन दिवसांवर छपाई होती. पुढे लॅबवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा तबकडीवर एक बारीक, गोल, चकचकीत रेघ होती. त्याने सांगितलं, पहिल्याच आवाजाला बंद केली असती तर बरंच निघालं असतं. चार माणसं चार रात्री बसून आम्ही ती स्मरणिका पुन्हा टाइप केली. माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले जुने फोटो मात्र आम्ही स्कॅन करून परत दिले होते. त्यातले बरेच पुन्हा मिळाले नाहीत. म्हणून सांगते, आवाज आला की थांबा.

अशी डिस्क कुणी काउंटरवरच उघडून बघतो म्हणाला तर देऊ नका. धुळीचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा असतो, हे काम धूळविरहित खोलीतच व्हायला हवं. तापकीर गल्लीत केबल, केस, नवीन डिस्क सगळं मिळतं आणि तिथल्या कित्येक दुकानदारांना चांगली माहिती असते. पण डिस्क विकणं आणि डेटा काढणं हे दोन वेगळे धंदे आहेत. लॅबमध्ये आधी तपासणी, मग खर्चाचा लेखी अंदाज, मग तुमचा होकार, हा क्रम ठेवा. काय काय निघू शकेल त्या फाईलींची यादी आधी मागा. फ्रीजमध्ये ठेवणं, टपली मारणं, तांदळात पुरणं यांतलं काहीही करू नका. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर आतबाहेर दव धरतं, हे आपल्या हवेत वेगळं सांगायला नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘सेफली रिमूव्ह’ न करता इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच का?

कॉपी झाली असं पडद्यावर दिसलं तरी शेवटचा काही भाग कॉम्प्युटरच्या मेमरीत थांबलेला असू शकतो. काम वेगाने झाल्यासारखं वाटावं म्हणून ही सोय केलेली असते. एजेक्ट म्हणजे ‘जे हातात राहिलंय ते लिहून टाक, नोंद पूर्ण कर आणि मला सांग’ असा हुकूम. विंडोज १० च्या २०१८ च्या एका आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या डिस्कसाठी ही थांबवून ठेवायची सवय मुळातच बंद केलेली असते. त्यामुळे काही न चालू असताना केबल काढली तर सहसा निभावतं, आणि तुमचंही निभावत आलं. पण कॉपी चालू असताना ओढली तर कुठलीच सोय कामाला येत नाही. शिवाय फिरत्या डिस्कचा आणखी एक मुद्दा आहे. एजेक्ट केल्यावर हेड शांतपणे आपल्या जागी जाऊन बसतं. अचानक वीज तोडली तर तबकडीच्या उरलेल्या वेगावर त्याला घाईघाईने मागे खेचलं जातं. डिस्क अशी आणीबाणीची माघार किती वेळा सहन करील याची मर्यादा रोजच्या माघारीपेक्षा खूपच कमी असते. तुमच्या नऊ वर्षांत ती किती वेळा झाली असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा टास्कबारच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर एजेक्ट म्हणा, ‘आता काढायला हरकत नाही’ असं येऊ द्या, मग दहा सेकंद थांबा. तबकडी थांबली की हातातली थरथर जाते. मगच डिस्क उचला. ‘डिस्क वापरात आहे’ असं म्हणून ती सुटत नसेल तर तिच्यावरची पेजमेकरची फाईल कुठेतरी उघडी असते, किंवा फोल्डरची खिडकी. सगळं बंद करूनही सुटली नाही तर कॉम्प्युटर शटडाउन करा, दिवे विझू द्या आणि मग काढा. दोन मिनिटं जातील.

लाइट गेली तर एजेक्ट करायला कुणी वेळ देत नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मोठी कॉपी लॅपटॉपवरून करा. त्याला बॅटरी असते, डिस्क मध्येच तुटत नाही. आणि तुमच्या पेठेसाठी खास एक गोष्ट. विसर्जनाच्या दिवशी खालून स्पीकरच्या भिंती जात असताना हार्ड डिस्कवर काम करू नका. आवाजाच्या कंपनाने हेड तबकडीवरच्या आपल्या ठरलेल्या मार्गावरून ढळतं. सन मायक्रोसिस्टिम्समधले ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ साली सर्व्हरच्या डिस्कांसमोर नुसतं ओरडून त्यांचं काम कसं मंदावतं हे दाखवलं होतं. २०१६ मध्ये बुखारेस्टला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवायच्या गॅसची चाचणी झाली, आणि तो सुटतानाच्या प्रचंड आवाजाने डिस्का बिघडल्या. खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा डिस्क बंद करून कपाटात ठेवणं बरं.

नवीन काय घ्यावं? रोजच्या कामाच्या फाईली कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर ठेवा आणि बाहेरच्या डिस्का फक्त प्रतीसाठी ठेवा. एक्स्टर्नल डिस्कवरच फाईल उघडून दिवसभर काम करायचं हीच तुमच्या गोष्टीतली मूळ अडचण आहे. एसएसडीला फिरणारं काही नसतं, धक्क्याची भीती कमी, वेग जास्त. पण ती बरेचदा सूचना न देता एकदम जाते, आणि आतून पुसलेली फाईल हार्ड डिस्कसारखी मागून काढता येत नाही, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. म्हणून जुनी कामं सांभाळायला साधी फिरती हार्ड डिस्क मला आजही जास्त योग्य वाटते. वर्षातून दोन-तीनदा ती लावून फिरवायची.

पेन ड्राइव्ह घरातून प्रेसपर्यंत नेण्यापुरता. त्यावर एकमेव प्रत कधीही ठेवू नका. ‘२ टीबी, स्वस्तात’ असे रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळणारे पेन ड्राइव्ह घेऊच नका. आतली चिप ३२ जीबीसारखी लहान असते आणि ती कॉम्प्युटरला २ टीबी सांगते. भरत गेलात की कॉपी होत असल्यासारखी दिसते, फाईलींची नावंही दिसतात, पण आत काही नसतं. प्रेसमध्ये दिवसभरात दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. परत आल्यावर तुमच्या फोल्डरच्या जागी शॉर्टकटचे बाण दिसले, तर त्यावर डबल क्लिक करू नका. मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात, पुसलेले नसतात. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाईली दाखवायचा पर्याय चालू करा. प्रेसला मॅक असेल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला ठेवा. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. आणि जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमची डिस्क नऊ वर्षांची होती हा दोष नाही. एकवीस वर्षांचं काम एकाच डिस्कवर होतं, हे मात्र मला हे पत्र लिहितानाही अस्वस्थ करतंय. दोन डिस्का घ्या. एकीवर दर शुक्रवारी प्रत करायची आणि ती काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क प्रत म्हणून मोजू नका, कारण व्हायरस आला किंवा विजेचा झटका आला तर दोन्ही एकदमच जातील. दुसरी डिस्क घराबाहेर ठेवायची. महिन्यातून एकदा अदलाबदल.

घराबाहेर का, हे नारायण पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. माणसं गच्चीवर चढून वाचली. माळ्यावरच्या वह्या, दप्तरं, घराण्यांचे कागद यांना कुणी वर नेलं नाही. ज्या कुटुंबांचे कुलवृत्तांत तुम्ही लावता त्यांतल्या कितीतरी जणांनी तुम्हाला सांगितलं असेल की जुनी वंशावळ पुरात गेली, आता तोंडी आठवणींवरून मांडतोय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगरकडच्या तळमजल्यांचं काय केलं तेही आपण पाहिलं. तुमची दुसरी डिस्क कोथरूडच्या बहिणीकडे, हडपसरच्या भाच्याकडे, कुठेही असू दे, पण याच घरात नको. हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवा. नेताना स्कूटरच्या डिकीत सुटी टाकू नका, एखाद्या मऊ कापडात गुंडाळून पिशवीत धरा. उन्हाळ्यात तर डिकी नकोच. बंद डिस्क बराच धक्का सोसते, पण उन्हात तापलेली डिकी तिला मानवत नाही.

प्रत झाली की पाच फाईली उघडून बघा. नावं दिसतात म्हणजे आत मजकूर आहे असं नाही. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकून ठेवा. ते डिस्कची प्रकृती रंगाने दाखवतं. निळ्याचा पिवळा झाला, ‘कॉशन’ असं आलं, की नवी डिस्क घ्यायची आणि जुनी फक्त रिकामी करण्यापुरती वापरायची. पिवळी होवो न होवो, पाच वर्षं झालेली डिस्क मी महत्त्वाच्या प्रतीसाठी ठेवत नाही.

आणखी एक, जे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सांगणार नाही पण डीटीपीवाल्याला ठाऊक हवं. तुमच्या जुन्या फाईली पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये असणार. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. डिस्क दहा वर्षं टिकली तरी उघडायला प्रोग्रॅम आणि फॉन्ट नसेल तर त्या घराण्याच्या नातवंडांना पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. म्हणून प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवा. मूळ फाईल, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवायही वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून केलेली साधी फाईल. ती साधी फाईल अगदी लहान असते. अशा शेकडो फाईली गूगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत बसतील. तिथेही एक प्रत राहू द्या.

आणि हे वाचून होताच दोन फोन करा. एक प्रेसला. कुलवृत्तांताचा नमुना फॉर्म किंवा पीडीएफ त्यांच्याकडे गेली असेल, आणि जागा भरली की प्रेसवाले जुनी कामं पुसतात, तेव्हा आजच सांगा की पुसू नका. दुसरा त्या घराण्यातल्या, प्रुफं तपासणाऱ्या काकांना. तुम्ही पाठवलेली प्रुफं त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलमध्ये आणि लाल पेनाच्या खुणांसकट कागदावर असतील. तो गठ्ठा रद्दीत जाऊ देऊ नका म्हणावं. तुमच्या मेलचा ‘सेंट’ फोल्डरही उघडा आणि मागच्या सहा महिन्यांत त्यांना पाठवलेल्या सगळ्या फाईली कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यानंतर भाच्याला बोलवा आणि नवी केबल लावा.